बेड सातचा मॉनिटर का वाजतो : आयसीयूतल्या अलार्मच्या प्रकल्प नोंदी

२२ एप्रिल २०२४

क्वालिटी कमिटीने या तिमाहीसाठी दिलेला विषय : ‘आयसीयूत अलार्म वाजत राहतात, सिस्टर लक्ष देत नाहीत.’ सोबत उपायही तयारच होता. एका मिनिटाच्या वर कुठलाही अलार्म वाजता कामा नये, वाजला तर ड्युटीवरच्या सिस्टरला मेमो. मी एवढंच विचारलं की पाळीला अलार्म किती वाजतात आणि त्यातले धावून जाण्याजोगे किती असतात, हे कोणाला माहीत आहे का? कोणालाच नव्हतं. मग विषय बदलून घेतला : ‘आयसीयूत कोणते अलार्म वाजतात, कशामुळे वाजतात, आणि त्यातले कोणते वाजायलाच नकोत.’ मेमोचं मोजणी होईपर्यंत बाजूला ठेवायचं ठरलं. मेट्रन मॅडमनी तिथल्या तिथे सही केली म्हणून, नाहीतर मेमो आधी निघाला असता आणि मोजणी राहिली असती.

युनिटची माहिती एकदा लिहून ठेवते, पुढे पुन्हा लिहायला नको. जळगावातलं ट्रस्टचं हॉस्पिटल, दहा खाटांचं आयसीयू. पेशंट चोपडा, यावल, रावेर, एरंडोल, पारोळा इकडून येतात. हायवेवरचे अपघात, हार्ट अटॅक, चुलीच्या धुराने फुप्फुसं गेलेल्या आजीबाई, पावसाळ्यात सर्पदंश आणि फवारणीचं विष. मॉनिटर तीन कंपन्यांचे, व्हेंटिलेटर दोन पिढ्यांचे, सिरिंज पंप जसे मिळत गेले तसे. दिवसा तीन खाटांमागे एक सिस्टर, रात्री कधी चार. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक, हे कागदावर सगळीकडे लिहिलेलं असतं.

२६ एप्रिल

वाचन. कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयाची २०१४ साली छापलेली पाहणी या विषयात सगळेच सांगतात, ती नीट वाचली. पाच आयसीयू, ७७ खाटा, ४६१ पेशंट, ३१ दिवस. मॉनिटरनी नोंदवलेले अलार्म २५,५८,७६०. त्यातले बरेचसे नुसते पडद्यावर उमटणारे, पण ऐकू येणारेही खाटेमागे दिवसाला १८७. हृदयाच्या ठोक्यांच्या गडबडीचे १२,६७१ अलार्म तज्ज्ञांनी एकेक करून तपासले तेव्हा ८८.८ टक्के खोटे निघाले.

रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या जॉइंट कमिशनने २०१३ च्या एप्रिलमध्ये काढलेला इशाराही वाचला. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात त्यांच्याकडे अलार्मशी संबंधित ९८ घटना आल्या, त्यातल्या ८० मध्ये पेशंट दगावला. त्याच इशाऱ्यात म्हटलंय की ८५ ते ९९ टक्के अलार्मवर काही उपचार करावा लागत नाही. ‘अलार्म फटीग’ म्हणतात ते हेच. शंभरातले नव्वद काही न निघणारे असले की उरलेल्या दहांकडेही पाय जड होतात. माणसांवर प्रयोग करून हे पाहिलेलं आहे. घंटा जितकी खरी निघते, साधारण तितक्याच प्रमाणात माणूस तिच्याकडे वळतो. लांडगा आला रे आला या गोष्टीत आपण पोराला शिकवण देतो. इथे ओरडणारं पोर मशीन आहे, आणि मेमो निघणार होता गावकऱ्यांना.

एक गोष्ट मात्र कमिटीपुढे मांडायची. पाहणीचे आकडे ज्या कॅलिफोर्नियातले आहेत तिथे आयसीयूत एका नर्सकडे दोनपेक्षा जास्त पेशंट द्यायचे नाहीत असा कायदा आहे.

२९ एप्रिल

मोजणीचा फॉर्म तयार केला. रकाने कमीच ठेवले : खाट, मशीन, पडद्यावर आलेला मजकूर, नंतर काय केलं. शेवटच्या रकान्यात तीनच पर्याय. पेशंटसाठी काही केलं, मशीनसाठी काही केलं, नुसतं सायलेंट दाबलं. मोजायला जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) शेवटच्या वर्षाच्या मुली बसवल्या. ड्युटीवरच्या सिस्टरने मोजायचं म्हटलं तर ती अलार्म बघणार की कागद?

मुलींना सांगितलं, सिस्टरचं नाव लिहायचं नाही. नाव लिहिलं की सगळे अलार्म अर्ध्या मिनिटात बंद होतील आणि आपल्याला काहीच कळणार नाही.

४ मे

मोजणीचे कागद टेबलावर पसरून बसले. ‘नुसतं सायलेंट दाबलं’ हा रकाना सगळीकडे भरून वाहतोय, समासात रेघा गेल्यात. ‘पेशंटसाठी काही केलं’ बऱ्याच कागदांवर जवळजवळ रिकामा.

मशीनवार पाहिलं तर पहिला नंबर ऑक्सिजनच्या प्रोबचा, म्हणजे एसपीओटूचा. दुसरा ईसीजीच्या लीड्सचा, मग बीपी, मग पंप. व्हेंटिलेटरचे संख्येने कमी, पण त्यांच्यासाठी उठावंच लागलं असे त्यांतच जास्त.

एक मुलगी हुशार निघाली. तिने बेड सातच्या पुढे वेळा लिहून ठेवल्या होत्या. रात्री दोन, सव्वादोन, अडीच, पावणेतीन. दर पंधरा मिनिटांनी, घड्याळ लावल्यासारखा, एसपीओटूचा अलार्म. संध्याकाळी स्वतः जाऊन उभी राहिले. बीपीचा कफ उजव्या दंडाला आणि बोटाची क्लिपही उजव्याच हाताला. बीपी दर पंधरा मिनिटांनी लावलेलं. कफ फुगला की हाताचा रक्तपुरवठा थांबतो, बोटात नाडी सापडत नाही, आकडा पडतो, मॉनिटर ओरडतो. कफ सुटला की सगळं आपोआप ठीक. डाव्या हाताला सलाइन होतं म्हणून सगळंच उजवीकडे आलेलं. क्लिप डाव्या हाताच्या बोटाला लावली, सलाइनने तिला काही होत नाही. पुढच्या वेळी कफ फुगला तेव्हा बेड सात गप्प.

नवं काही नाही यात, पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. पण चार खाटांची धावपळ चालू असताना क्लिप कुठल्या हाताला आहे हे कोण बघतं? सायलेंटचं बटण जवळ असतं.

१० मे

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. माहेरी आलेल्या दोन मुली एकाच दिवशी भरती, एक ताप-फीटची, एक स्कूटरवरून पडलेली. दोघींच्या हातावर गच्च मेंदी, एकीच्या नखांना गडद नेलपॉलिश. क्लिपचा आकडा नाचत होता. पॉलिश काढायला रिमूव्हर शोधला तर आयसीयूत नाही, कॅज्युअल्टीत नाही, शेवटी तिच्या बहिणीने बाहेरच्या दुकानातून आणला. इमर्जन्सी ट्रॉलीच्या खालच्या खणात एक बाटली कायमची ठेवायला लावली. नुसती मेंदी असलेल्या दुसरीला क्लिप कानाच्या पाळीला लावली. त्यासाठी कानाचा वेगळा प्रोब लागतो, बोटाचीच क्लिप कानाला अडकवायची नाही. हे मुद्दाम लिहिलंय कारण अडकवलेली पाहिलीय.

१३ मे

मतदान. निम्मी ड्युटी बोटाला शाई लावून उशिरा आली. प्रकल्पाचं काम नाही.

२३ मे

ऊन. पारा ४५ च्या आसपास. आयसीयूचा एसी दुपारी हात टेकतो, पेशंट घामाघूम, आणि ‘लीड ऑफ’चा अलार्म सारखा.

आज एका आजोबांच्या छातीवरचे स्टिकर काढून हातात घेऊन पाहिले. मधली जेल कोरडी, कडेला पांढरी पडलेली, घाम आणि केसांनी अर्धं उचललेलं. वर छातीला चोळलेल्या बामाचा थर. त्यावर लावलेल्या स्टिकरमधून ईसीजीची रेघ अशी काही थरथरत होती की मशीन तिला व्ही-टॅक, म्हणजे हृदयाची जीवघेणी वेगवान लय, समजत होतं. लाल अलार्म, आणि आजोबा मजेत पाणी मागताहेत. दिवसभरात हे इतक्यांदा झालं होतं की त्या खाटेच्या लाल दिव्याकडे कोणी मान वर करून बघत नव्हतं. उद्या त्याच खाटेवर खरा व्ही-टॅक आला असता तर तोही तसाच लाल दिसला असता.

स्टोअरमधून पाकीट मागवलं तर पन्नासाचं पाकीट फाडून उघडंच ठेवलेलं. पत्र्याखालच्या स्टोअरमध्ये मे महिन्यात उघड्या पाकिटातली जेल किती दिवस ओली राहणार?

आजपासूनची पद्धत : रोज सकाळी स्पंज देतानाच जुने स्टिकर काढायचे. जागा साबण-पाण्याने धुऊन कोरडी करायची, केस असतील तर कात्रीने किंवा क्लिपरने बारीक करायचे, कोरड्या गॉजने हलकं घासायचं, मग नवे लावायचे. स्पिरिट वापरायचं नाही, त्याने कातडी आणखी सुकते. स्टिकरवर पेनाने तारीख. पाकीट उघडलं की चिमटा लावून बंद डब्यात.

बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात दोन वॉर्डांत फक्त रोज इलेक्ट्रोड बदलून खाटेमागचे अलार्म सरासरी ४६ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१३ साली छापून आलंय. हे स्टोअरवाल्यांना छापील दाखवलं. त्यांचं म्हणणं, रोज बदलायचे म्हणजे खर्च वाढणार. मी म्हटलं, एकदा वापरून दिवसाला तीनदा चिकटपट्टीने दाबून बसवता, त्या चिकटपट्टीचाही हिशोब मांडा.

२८ मे

दुपारी वीज गेली. जनरेटर लागायला काही सेकंद, तेवढ्यात सगळे पंप एका सुरात. प्रत्येक पंप बॅटरीवर गेल्याचं सांगतो आणि वीज आली की पुन्हा एकदा सांगतो. हे तर होणारच. पण तीन पंप असे निघाले की बॅटरीच मेलेली, वीज गेली की पंपही गेला, आणि त्यातल्या एकावर नॉरअॅड्रिनलिन, म्हणजे प्रेशर टिकवणारं औषध, चालू होतं. सिस्टर जवळच होती म्हणून दुसरा पंप लावला गेला.

मशीनची देखभाल करणाऱ्या बायोमेडिकलच्या मुलाने सांगितलं की बॅटरी बदलायची यादी त्याने पाठवलेली आहे. कोणाकडे? ‘वर.’ मी त्या तीन पंपांना लाल चिकटपट्टी लावली : प्रेशरचं औषध यावर नाही. हा उपाय नव्हे हे मला कळतं, पण बॅटरी येईपर्यंत पेशंट थांबत नाहीत.

६ जून

आज फिजिशियन सर, भूलतज्ज्ञ मॅडम, आरएमओ (निवासी डॉक्टर) आणि मी. विषय एकच, मर्यादा. मॉनिटर कंपनीतून येतो तेव्हा ज्या वरच्या-खालच्या मर्यादा भरून येतो, त्याच आमच्याकडे प्रत्येक पेशंटला. नाडी ५० ते १२०, एसपीओटू ९० च्या खाली गेला की अलार्म. वीस वर्षांचा पोरगा असो की ऐंशीची आजी.

बेड तीनच्या आजींचं उदाहरण दिलं. आयुष्यभर चुलीपुढे बसून फुप्फुसं गेलेली, जुनी सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा जुनाट आजार). त्यांचा ऑक्सिजन बऱ्या दिवसातही ८९-९०. अशा पेशंटला ८८ ते ९२ मध्ये ठेवायचं हे सगळ्यांना पाठ आहे. पण मॉनिटर ९० ला ओरडतो. ओरडला की सिस्टर येऊन ऑक्सिजन दोन लिटर वाढवते, आकडा ९७ होतो, मॉनिटर गप्प, सगळ्यांना बरं वाटतं. आणि आजी रात्रीतून कार्बन डायऑक्साइड साठून पेंगायला लागतात, मग सकाळी एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) आणि बायपॅपची (मास्कमधून श्वासाला जोर देणाऱ्या मशीनची) धावपळ. म्हणजे इथे अलार्म नुसता खोटा नव्हता, त्याने चुकीचा उपचार करवून घेतला.

सरांना हे पटलं. मग अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. मर्यादा बदलायची कोणी? आरएमओ म्हणाले, डॉक्टरने लिहून दिल्यावर. रात्री तीनला डॉक्टर लिहून कधी देणार? सिस्टरने बदलली आणि काही झालं तर जबाबदारी कोणाची? या प्रश्नावरच खरी मीटिंग झाली, बाकी सगळं चहाबरोबर आटपलं.

ठरलं ते असं. भरतीच्या वेळी डॉक्टरने पेशंटच्या मर्यादा ऑर्डरशीटवर लिहायच्या, औषधासारख्याच. त्यापुढे एका ठरावीक पट्ट्यात सिस्टरने स्वतः बदलायच्या, चार्टवर वेळ टाकून. पट्ट्याबाहेर जायचं तर फोन. कागदावर सरांची सही घेतली, आणि सिस्टरच्या अधिकाराचं वाक्य मी स्वतः लिहिलं, कारण आरएमओंच्या मसुद्यात ते ‘सिस्टर सुचवू शकतील’ असं होतं.

सीओपीडीवाल्यांना ऑक्सिजन चालू असेल तर वरची मर्यादाही लावायची, ९५ च्या पुढे गेलं की वाजू दे. ऑक्सिजन जास्त झाल्याचा अलार्म आमच्याकडे आजवर कोणी लावलेलाच नव्हता.

२९ जून

नव्या भरतीत एक भलतंच सापडलं. बेड पाचवर सकाळी शिफ्ट झालेला पेशंट, मॉनिटरच्या कोपऱ्यात बारीकशी घंटा आणि तिच्यावर फुली. आधीच्या पेशंटला एट्रियल फिब्रिलेशन होतं, अनियमित ठोक्यांचा अलार्म सारखा वाजायचा म्हणून कोणीतरी कायमचा बंद केला होता. तो पेशंट घरी गेला, पण मॉनिटरमध्ये ‘डिस्चार्ज’ दाबायचं राहिलं. नव्या पेशंटला जुन्याच्या मर्यादा आणि जुन्याची शांतता.

सायलेंट, पॉज आणि ऑफ या तीन बटणांत फरक काय हे विचारत फिरले. सायलेंट म्हणजे चालू अलार्मचा आवाज एक-दोन मिनिटं बंद, हे सगळ्यांना माहीत. पॉज आणि ऑफमध्ये गोंधळ. शिवाय तीन कंपन्यांच्या मॉनिटरवर तीन वेगळ्या जागी. एका मॉनिटरवर तेच बटण थोडं जास्त वेळ दाबून धरलं की पॉज होतो, आणि घाईत असलेली सिस्टर बटण जोरात आणि जास्त वेळच दाबते.

ऑफ हा पर्याय बायोमेडिकलकडून पासवर्डमागे टाकून घेतला, जिथे टाकता आला तिथे. भरतीच्या चेकलिस्टवर पहिली ओळ : जुना पेशंट मॉनिटरमधून काढला का? हँडओव्हरला आता आपण सलाइन, कॅथेटर, बेडसोअर सांगतो तसं मर्यादाही सांगायच्या. दोन्ही सिस्टरनी खाटेपाशी उभं राहून, पडद्याकडे बघून.

९ जुलै

भेटीच्या वेळी बेड आठच्या मुलाने विचारलं, “व बहीन, हाई मशीन कसाले वाजी ऱ्हायनी? माना बाप बरा शे ना?” नंदुरबारकडची नवी सिस्टर त्याला म्हणाली, “बरा शे भाऊ, बोटनी क्लिप निंघी गयी व्हती.” आणि तिने क्लिप लावून त्याला पडद्यावरची लाट दाखवली, ही अशी सरळ उठली की खरा आकडा, ही अशी वेडीवाकडी असली की क्लिप हललेली. मुलगा शांतपणे बाहेर गेला.

हा भाग मोजणीत कुठेच नव्हता. नातेवाईक काचेतून बघतात. लाल दिवा लुकलुकतोय, मशीन ओरडतंय आणि सिस्टर दुसऱ्या खाटेवर सक्शन करतेय. त्यांना दिसतं ते एवढंच की आपलं माणूस चाललंय आणि कोणी येत नाही. हॉस्पिटलमधल्या बऱ्याच भांडणांची सुरुवात इथे होते. डॉक्टर-नर्सवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे, हल्ला अजामीनपात्र आहे, त्याचा बोर्ड दारावर आहे, आणि बोर्ड वाचून कोणाचा राग उतरलेला मी पाहिला नाही. दोन वाक्यं सांगितल्याने उतरतो. भेटीची वेळ सुरू होताना ड्युटीवरच्या एकीने बाहेर जाऊन सगळ्यांना एकदमच सांगायचं असं ठरवलं : आवाज येतील, लाल आणि पिवळा यात फरक आहे, कशाला घाबरायचं नाही, कशाला हाक मारायची. शक्यतो अहिराणीत. प्रमाण मराठीत सांगितलं की लोक नुसती मान हलवतात.

२१ जुलै

चहाच्या वेळेत एक खेळ केला. सगळ्या मशीनचे अलार्म मोबाइलवर रेकॉर्ड करून आणले आणि ऐकवले. कुठलं मशीन हे बहुतेकींनी ओळखलं, काहींनी तर खाट नंबरही सांगितला. पण हा किती तातडीचा, हे विचारल्यावर सगळा अंदाजपंचे कारभार.

खरं तर त्याला आंतरराष्ट्रीय नियम आहे, आयईसी ६०६०१-१-८. सर्वांत तातडीचा अलार्म दहा टोल्यांचा, पाच आणि पुन्हा पाच, दिवा लाल आणि लुकलुकणारा. मध्यम तातडीचा तीन टोल्यांचा, पिवळा लुकलुकणारा. त्याखालचा एक किंवा दोन टोल्यांचा, दिवा स्थिर. आमचे नवे मॉनिटर हे पाळतात, जुना व्हेंटिलेटर स्वतःच्या तालात वाजतो. आज दहा टोले आणि तीन टोले टेबलावर बोटांनी वाजवून पाठ करून घेतले. मुलींना मजा वाटली. सिनियर सिस्टर म्हणाल्या, “वीस वर्षं ऐकतेय, पण मोजले आजच.”

त्याच बसलेल्या असताना पुढचा विषय काढला, उशीर लावण्याचा. एसपीओटू मर्यादेखाली गेला की लगेच न वाजता पंधरा सेकंद थांबून, तोवर खालीच असेल तर वाजायचं. पेशंटने हात हलवला, खोकला, कूस बदलली की आकडा पाच-सात सेकंद पडतो आणि परत येतो, ते सगळे यात गळतात. अमेरिकेतल्या एका मेडिकल आयसीयूत २००९ साली असं निघालं की १४ सेकंदांच्या उशिराने निष्फळ आणि दुर्लक्षित अलार्मपैकी ५० टक्के गळले असते, १९ सेकंदांच्या उशिराने ६७ टक्के.

सिनियर सिस्टरनी सपशेल विरोध केला. त्यांचं म्हणणं : “आवाज आहे तोवर मला माहीत असतं की मशीन चालू आहे. गप्प झालं की मला भीती वाटते. आणि रात्री मी चार खाटांची असते तेव्हा मशीनने पंधरा सेकंद गप्प बसायचं, मग मी पोचायला अर्धा मिनिट.” मुद्दा चुकीचा नाही. ज्या अभ्यासांवर आपण बोट ठेवतो तिथे नर्स दोन पावलांवर असते.

तडजोड : उशीर सगळ्यांना नाही. नुकती श्वासाची नळी घातलेला किंवा काढलेला पेशंट, विषबाधा, सर्पदंश, जबडा-मानेचा अपघात यांना उशीर नाहीच. बाकीच्यांना लावायचा, पण ज्या मॉनिटरमध्ये खोल घसरणीचा वेगळा लाल अलार्म आहे तिथे तो ताबडतोब वाजणारा ठेवायचा. जिथे तशी सोय नाही त्या तीन खाटांवर उशीर लावायचा नाही. सिनियर सिस्टरनी यावर सही केली, आणि त्या तीन खाटा स्वतःच्या नाइटला मागून घेतल्या.

११ ऑगस्ट

कानबाईचा रविवार, खानदेशातला श्रावणातला सण. रोटांच्या नैवेद्यासाठी निम्मा स्टाफ गावाला, उरलेल्यांवर दुप्पट खाटा. मुद्दाम मोजणी लावली नाही, अशा दिवसाचा आकडा कशातच बसत नाही. पण मर्यादा लिहिण्याचं काम आज सगळ्यात आधी सुटलं हे ऑर्डरशीट चाळताना दिसलं. माणसं कमी पडली की सुरुवातीला कागद सुटतो, मग स्टिकर, मग सगळंच पूर्वीसारखं.

१८ ऑगस्ट

कालच्या डॉक्टरांच्या संपात देशभर ओपीडी बंद होत्या, आयसीयू चालू. त्या गडबडीतच एरंडोलकडचा एक शेतकरी आला, कपाशीवर फवारणी करताना वाऱ्याविरुद्ध उभा राहिलेला. ऑर्गनोफॉस्फरस जातीच्या कीटकनाशकाचं विष. तोंडातून फेस, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीएवढ्या, अंगाला घामाच्या धारा. स्टिकर टिकेनात, पुसून पुसून पाठीकडच्या बाजूला लावले.

अॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचं औषध, सुरू. डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट, छाती मोकळी होईपर्यंत. अॅट्रोपिनने नाडी वाढणारच, ती १३० वर गेली आणि १२० ची मर्यादा असलेला मॉनिटर अखंड. इतकी वर्षं या पेशंटांच्या खाटेवर हेच होत आलं. अलार्म सतत चालू, म्हणून कोणीतरी तो बंद करतं. आणि बंद केल्यावर दुसरी बाजूही बंद होते, जी खरी धोक्याची. या पेशंटची नाडी खाली येणं म्हणजे अॅट्रोपिन ओसरतंय आणि विष परत डोकं वर काढतंय. सगळीकडे लावलेली खालची मर्यादा ५०. म्हणजे नाडी १३० वरून ६० वर घसरली, छाती पुन्हा भरली, तरी मशीन म्हणणार सगळं ठीक.

सरांना तिथेच विचारून मर्यादा उलट्या लावल्या. वरची १५०, खालची ८०. मॉनिटर गप्प झाला. पहाटे पाचच्या सुमारास वाजला, नाडी ७८. नंदुरबारकडची सिस्टर उठून गेली, स्टेथोस्कोप लावला, तळाला घरघर परत सुरू झालेली, काख ओली. फोन, अॅट्रोपिनचा बोलस, इन्फ्युजन वाढवलं. ५० ची मर्यादा असती तर सकाळच्या राउंडपर्यंत कोणाला कळलं नसतं, किंवा श्वास थांबल्यावर कळलं असतं.

कमिटीत सगळे ‘अलार्म कमी करण्याचा प्रकल्प’ म्हणतात. या खाटेवर आम्ही एक अलार्म वाढवला. विषबाधेच्या पेशंटसाठी वेगळा तक्ता करून मॉनिटरच्या बाजूला चिकटवला. सरांनी त्यात बाहुल्या, काख, छाती, पोटाचे आवाज हेही घालायला लावलं, कारण अॅट्रोपिन जास्त झाल्याचं नाडीवरून एकट्याने कळत नाही.

३० ऑगस्ट

दुसरी मोजणी, त्याच फॉर्मवर, नव्या मुलींकडून. ‘नुसतं सायलेंट दाबलं’ या रकान्यातल्या रेघा आता रकान्यात मावतात. लीड ऑफ सर्वांत जास्त उतरलं, एसपीओटू त्याखालोखाल. पंपांचं काही हललं नाही, बॅटरी अजून ‘वर’च आहेत. व्हेंटिलेटरचे जवळपास तेवढेच, आणि तेवढेच राहावेत असं भूलतज्ज्ञ मॅडमचं मत. नळीत कफ साचून प्रेशरचा अलार्म वाजत असेल तर सक्शन करा, मर्यादा वाढवू नका. बरोबर आहे.

आकडे कमिटीत मांडताना मी एक अट घातली. पहिल्या मोजणीच्या वेळी मे महिन्याचा घाम होता आणि आता पाऊस आहे, स्टिकर तसेही जास्त टिकतात. पुढच्या मे महिन्यातली मोजणी झाल्याशिवाय पोस्टरवर टक्केवारी छापायची नाही. अध्यक्षांना पोस्टर मान्यतेच्या तपासणीआधी हवं होतं. मी नाही म्हटलं. मेमोचा विषय यावेळी कोणी काढला नाही.

बालरोगवाल्यांनी हाच तक्ता एनआयसीयूसाठी (नवजात बाळांच्या आयसीयूसाठी) मागितलाय. दिला नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन चालू असताना वरची मर्यादा डोळ्यांच्या पडद्यासाठी सांभाळावी लागते, त्यांच्या मर्यादा वेगळ्या, श्वास थांबण्याचा अलार्म वेगळा, प्रोब पायाला. त्यांच्या इन्चार्ज सिस्टरला मोजणीचा कोरा फॉर्म दिला आणि दोन मुली दिल्या. सोमवारी पोळा आहे, मंगळवारपासून बसतील.

बाकी राहिलेलं : बॅटरी (पुन्हा पत्र, यावेळी २८ मेच्या नोंदीची प्रत जोडून), कानाचे आणखी दोन प्रोब, जुन्या व्हेंटिलेटरचा आवाज स्टेशनपर्यंत पोचत नाही त्याचं काय करायचं ते, आणि रात्रीची चौथी सिस्टर.